संस्थेत ठेवायचं नसेल तर: प्रौढ विशेष मुलांच्या राहण्याची सोय कशी लावायची

पालकांच्या बैठकीला नव्याने आलेलं जोडपं बहुधा एकच प्रश्न घेऊन येतं, "आमच्यानंतर याचं काय?" मुलगा किंवा मुलगी पंचवीस-तीस वर्षांची झालेली असते, विशेष शाळा केव्हाच संपलेली असते, आईचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतात. कुणा नातेवाइकाने सल्लाही देऊन टाकलेला असतो, "एखादी चांगली संस्था बघा, डिपॉझिट भरा आणि मोकळे व्हा."

संस्थांना नावं ठेवायला हा लेख नाही. बदलापूरच्या ‘आधार’सारख्या संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केल्या आणि कित्येक घरांना त्यांनी खरोखर आधार दिला. पण जागा थोड्या आणि गरजू फार. शिवाय ज्यांची नावं प्रतीक्षायादीत असतात त्यांतल्या अनेकांना चोवीस तासांच्या संस्थेची गरजच नसते. दिवसातले काही तास योग्य मदत मिळाली तर ती माणसं आपल्या ओळखीच्या गल्लीत, ओळखीच्या किराणावाल्याच्या नजरेसमोर राहू शकतात. हा त्यांचा हक्कही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत.

मी बहीण म्हणून लिहिते आहे. माझ्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, त्याने चाळिशी ओलांडली आहे, आणि तो आमच्या आईच्याच घरात राहतो. आमच्या पालक-गटात अनेक घरांची घडी बसताना आणि विस्कटताना पाहिली, त्यावरून माझं मत पक्कं झालंय: जागा सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी दिवस, मग माणसं, मग कागद आणि पैसा. बहुतेक लोक फ्लॅट किंवा संस्था शोधण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

१. आठवडाभर चोवीस तास लिहून काढा

एक वही घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं प्रत्येक काम लिहा आणि त्यापुढे तीनपैकी एक नोंद करा: एकट्याने, आठवण करून दिल्यावर, की हात लावून. आई-वडिलांनी हे अंदाजाने लिहू नये. आपण सवयीने इतकं काही करून टाकतो की मुलाला काय येतं हेच आपल्याला दिसत नाही. शर्टाची बटणं तो लावू शकतो, फक्त त्याला सात मिनिटं लागतात आणि आपल्याला घाई असते.

माझ्या भावाची वही अशी आहे. आंघोळ एकट्याने, पण गीझरचं पाणी दुसऱ्याने मिसळून द्यायचं. दाढी हात लावून. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आठवण केल्याशिवाय नाही. कपड्यांच्या घड्या एकट्याने, आणि आमच्यापेक्षा नीट. सोसायटीच्या आवारात एकटा फिरतो, मोठा रस्ता ओलांडत नाही. गॅसला हात नाही, इंडक्शनवर चहा करतो. रात्री सलग झोपतो.

आठवडाभराने बेरीज करा. इथे दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या: मदत आणि सोबत. दाढी, गोळ्या, दवाखाना यांना शिकवलेलं माणूस लागतं. रात्री घरात कुणीतरी असणं ही सोबत आहे, तिला विश्वासू माणूस पुरतं. भावाच्या बाबतीत खरी मदत सकाळ-संध्याकाळ मिळून साडेतीन तास निघाली. "याला चोवीस तास अटेंडंट लागेल" असं आम्ही सगळेच तोपर्यंत धरून चाललो होतो. खर्चाचा सगळा हिशोब या एका वहीवर उभा राहतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

ज्याच्यासाठी हे चाललंय त्यालाही विचारा. बोलता येत नसेल तर फोटो समोर ठेवा: हे घर, ते घर, ताईचं घर, मित्राचं घर. उत्तर एका दिवसात मिळणार नाही. पण महिनाभर तो कुठला फोटो पुन्हा पुन्हा उचलतो ते कळतं.

२. दिवसाला बाहेरचं काम हवं

मुंबईतली जय वकील (१९४४ पासून चालू), पुण्यातली कामायनी, अशा जुन्या संस्थांनी शाळेला जोडून मोठ्या मुलांसाठी कार्यशाळा चालवल्या. आता लहान शहरांतही पालकांनी काढलेल्या कार्यशाळा आहेत. कागदी पिशव्या, पणत्या, फाइली, मसाल्याचं पॅकिंग असं काम तिथे चालतं. मिळकत किरकोळ असते आणि म्हणूनच तिशीनंतर, "रोज कोण सोडणार-आणणार?" म्हणत पालक मुलाला घरी बसवतात. तसं करू नका. बाहेरचं काम बंद पडलं की माणूस टीव्हीसमोर बसतो, वजन वाढतं, चिडचिड वाढते, आणि मग "घरी सांभाळणं जमत नाही" म्हणून संस्थेचा रस्ता धरावा लागतो.

दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे. घराबाहेरची चार माणसं रोज मुलाला बघत असतील तर दंडावरचा वळ, अचानक घटलेलं वजन, गप्प झालेला चेहरा कुणाच्या तरी लक्षात येतो. घरात एकाच मदतनीसाच्या हाती असलेल्या माणसाला ही राखण नसते.

कार्यशाळा जवळ नसेल तर वाचनालय, गोशाळा, नर्सरी, ओळखीच्याचं स्टेशनरी दुकान, कुठेही दोन तासांचं ठरलेलं काम बघा. ठरलेली वेळ आणि नावाने हाक मारणारी माणसं, एवढ्या दोन अटी.

३. मदतनीस: एक नको, दोन हवेत

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेले बहुतेक लोक आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला शिकलेले असतात. धडधाकट पस्तीस वर्षांच्या तरुणाबरोबर दिवस कसा काढायचा, हे त्यांना ठाऊक नसतं, मग ते त्याला भरवायला लागतात. आमच्या गटाचा अनुभव असा की वस्तीतल्या ओळखीतून आलेल्या, आधी बालवाडीत किंवा विशेष शाळेत काम केलेल्या ताई-दादा जास्त टिकतात. पोलीस पडताळणी ओळखीच्यांचीही करायची. अंगाला हात लावून करायची कामं मुलीसाठी बाईनेच आणि मुलासाठी शक्यतो पुरुषाने.

दोन माणसं ठेवा, अर्धवेळ का होईना. एकटी मावशी गावाला गेली की सगळी घडी मोडते, आणि एकाच माणसाच्या मुठीत सगळं असणं धोक्याचंही आहे. त्यांना साप्ताहिक सुट्टी, वेळेवर पगार, दिवाळीला बोनस द्या. जे घर मदतनिसाला मान देतं तिथे माणसं टिकतात, आणि आपल्या मुलांना टिकणारी माणसंच लागतात.

मग ओळख-वही करा. ही वही आईच्या डोक्यात असते आणि तिच्याबरोबरच जाते, म्हणून ती लिहायलाच हवी. आजार, औषधं, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचं नाव हे पहिल्या पानावर. पुढची पानं जास्त महत्त्वाची. भावाच्या वहीतल्या काही ओळी देते:

"चहा स्टीलच्या पेल्यात. कपात दिला तर पीत नाही, रागावला म्हणून नव्हे, त्याला तो आपला वाटत नाही."

"पोट दुखत असेल तर सांगत नाही. डावा कान चोळतो."

"कुकरची शिट्टी होणार असेल तर आधी सांगायचं."

"‘चल लवकर’ म्हटलं की जागीच बसतो. ‘तू पुढे हो, मी आलेच’ म्हटलं की निघतो."

अशा वीस-पंचवीस ओळी नव्या माणसाचे पहिले सहा महिने सोपे करतात. कान चोळण्याची ती एक ओळ नसती तर गेल्या वर्षीचा मूतखडा कुणाला कळलाही नसता.

४. माणसांचं कडं

पगारी मदतीच्या भोवती बिनपगारी माणसांचं कडं लागतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८९ साली पालकांनी एकत्र येऊन ‘प्लॅन’ नावाची संस्था काढली. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीभोवती मित्र-नातेवाइकांचं एक मंडळ जाणीवपूर्वक बांधायचं आणि पालक गेल्यावरही ते चालू ठेवायचं, हे तिचं मुख्य काम. आपल्याकडे वाड्यात नि चाळीत हे आपोआप व्हायचं. आता मुद्दाम करावं लागतं.

पाच-सहा जणांना घरी जेवायला बोलवा आणि प्रत्येकाला एकच छोटं काम मागा. "याच्याकडे लक्ष ठेवा" असं मोघम मागितलं की सगळे हो म्हणतात आणि कुणीच काही करत नाही. त्याऐवजी: काका, तुम्ही दर महिन्याला बँकेचं पासबुक बघायचं. शेजारच्या वहिनी, तुम्ही बुधवारी दहा मिनिटं न सांगता डोकावायचं. आतेभावाने वर्षातून एकदा डॉक्टरांच्या तपासणीला न्यायचं. कार्यशाळेतल्या मित्राने रविवारी कॅरम खेळायला यायचं, आणि हे काम सगळ्यांत मोठं. सोसायटीच्या वॉचमनलाही मुलाची नीट ओळख करून द्या.

भावंडांबद्दल आई-वडिलांना कळकळीने सांगते: गृहीत धरू नका, विचारा. लग्न ठरण्याआधी, परदेशी जाण्याआधी, खोली बंद करून नीट बसून विचारा. "तुला काय जमेल?" असं विचारलं की भावंडं खरं बोलतात. एखादी म्हणेल, मी पैशांचं बघेन पण माझ्या घरी ठेवणं जमणार नाही. हे उत्तर चांगलं आहे. त्यावर योजना बांधता येते. मुलीकडे आपसूक आणि मुलाच्या बायकोकडे न विचारता सोपवण्याची आपली रीत मात्र सोडली पाहिजे. होणाऱ्या सूनबाईंना सगळं आधी माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

५. कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नसेल तर ते पहिलं काढा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई-वडील त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेत अडल्यावरच कळतं. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याच्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. गोव्यातही हीच रचना. आई-वडील आपल्या पसंतीच्या व्यक्तीचं नाव सुचवू शकतात. पालक होणारी व्यक्ती भारतीय नागरिक असावी लागते, तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाच्या भरवशावर असाल तर आत्ताच दुसरं नाव शोधा.

नेमणूक झालेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब समितीला द्यायचा असतो. छळ, हेळसांड किंवा अफरातफर झाली तर त्याला काढूनही टाकता येतं. हे संरक्षण आपल्या मुलासाठीच आहे, त्याचा कंटाळा करू नका.

पण प्रत्येकाला पूर्ण पालकत्व लागतंच असं नाही. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून आणि तिच्यासोबत मिळून निर्णय घेणं. ज्याला आपलं मन सांगता येतं त्याच्यासाठी आधी याचा विचार करा.

नंतर मृत्युपत्र. "नॉमिनी लावलाय, झालं" हा फार पसरलेला गैरसमज आहे. नॉमिनी हा सहसा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. मृत्युपत्र नसेल तर वाटण्या कायद्याप्रमाणे होतात आणि ज्या खोलीत मुलाने आयुष्य काढलं तीच विकायला निघते. मुलाला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क मृत्युपत्रात स्पष्ट लिहून घ्या. मालमत्ता थोडी मोठी असेल तर १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करा. मालमत्ता ट्रस्टच्या नावावर, लाभ मुलाचा, आणि खर्च कशावर करायचा ते ट्रस्टडीडमध्ये. विश्वस्त दोन-तीन, त्यांतला निदान एक तुमच्यापेक्षा बराच तरुण. रोज सांभाळणारा आणि पैसे सोडणारा माणूस एकच नको.

६. पैसा

वहीतल्या तासांवरून महिन्याचा खर्च काढा: मदतनीस, जेवण, औषधं, कार्यशाळेचा रिक्षा, घराची देखभाल, आणि थोडी मौज. मौजेचा रकाना रिकामा ठेवू नका. सिनेमा, भेळ, वर्षातून एकदा कोकण, हे त्याच्या आयुष्याचा भाग आहेत.

पेन्शनधारकांनी कुटुंब निवृत्तिवेतनाकडे लगेच बघावं. केंद्र आणि राज्य सरकारी पेन्शनमध्ये स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आजीवन मिळू शकतं, पण नाव पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) हयातीतच नोंदवून घेतलेलं बरं. तुमच्या मागे कुणीतरी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसण्यापेक्षा तुम्ही स्वतः एकदा जाणं फार सोपं आहे. खाजगी नोकरीतल्यांनी ईपीएस-९५ ची (भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची) चौकशी करावी, तिथेही कायम व पूर्ण दिव्यांगत्व असलेल्या अपत्यासाठी तरतूद आहे.

वर सांगितलेल्या १९९९ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चही त्यात बसतात. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ती तारीख कड्यातल्या एका माणसाकडे द्या. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत सांभाळणाऱ्या कुटुंबीयाला ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

७. आता जागा

इतकं झाल्यावर पर्याय बरेच स्पष्ट दिसतात.

सगळ्यांत सोपा म्हणजे आहे तेच घर. आई-वडील गेल्यावरही मूल तिथेच, मदतनीस येऊन-जाऊन आणि रात्री सोबतीला कुणीतरी. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला एक खोली कमी भाड्याने देऊन रात्रीची सोबत मिळवणारी घरं मला माहीत आहेत. करार लेखी करा, कामं आणि वेळा लिहून.

दुसरा, माझ्या मते बऱ्याच घरांना जमण्यासारखा: भावंड त्याच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर, पण चूल वेगळी. एका छताखाली राहण्याचा ताण नाही आणि ताप आला तर पाच मिनिटांत माणूस हजर. मोठं घर विकून शेजारी-शेजारी दोन लहान घरं घेण्याचा विचार पालकांनी साठीतच करावा. पंचाहत्तरीत घर बदलणं त्यांनाही झेपत नाही आणि मुलालाही.

तिसरा, दोन-तीन मित्रांनी मिळून एक फ्लॅट. कार्यशाळेत एकमेकांशी पटतं अशी मुलं निवडा, पालकांचं पटतं म्हणून नव्हे. मदतनिसाचा खर्च वाटला जातो, संध्याकाळी कंपनी मिळते. भांडणं पैशांवरून होतात, म्हणून एखाद्याने मध्येच सोडलं तर काय, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. सोसायटीच्या कमिटीला आधी भेटा, मुलांना घेऊन भेटा. ओळख झाली की विरोध बराच ओसरतो.

चौथा, दुसऱ्या कुटुंबात राहणं. बेल्जियममधल्या खेल (Geel) नावाच्या गावात मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग माणसांना गावकऱ्यांच्या घरी ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासून आहे. ब्रिटनमध्ये ‘शेअर्ड लाइव्हज’ या नावाने तपासणी आणि मानधनासह हीच पद्धत चालते. आपल्याकडे अशी सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे हा पर्याय फक्त अनेक वर्षं ओळख असलेल्या कुटुंबाबरोबर आणि कड्याच्या देखरेखीखालीच घ्या. नुसत्या गोड बोलण्यावर कधीही नाही.

आणि काहींना संस्थाच योग्य असते. फिट्स वारंवार येतात, स्वतःला इजा करून घेण्याची सवय आहे, जवळचं कुणीच नाही, अशा वेळी अपराधी वाटून घेऊ नका. संस्था बघायला न सांगता, संध्याकाळी सहाच्या सुमारास जा. तेव्हा कर्मचारी किती आहेत, मुलं काय करताहेत आणि वास कसा येतोय, यावरून सगळं कळतं.

८. हयातीतच सराव

आई-वडील घरात असताना केलेली योजना ही तपासलेली योजना नव्हे. आधी एक रात्र बाहेर राहा. मग शनिवार-रविवार. मग आठवडाभर. वर्षभरात पंधरा दिवसांपर्यंत न्या. तात्पुरत्या मुक्कामाची सोय असलेली केंद्रं आहेत, राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेखालीही काही चालतात. एखादा मुक्काम तिथेही करून बघा, अडीअडचणीला ती जागा मुलाच्या ओळखीची झालेली असते.

परत आल्यावर "त्रास दिला का?" असं विचारू नका, त्याने मदतनीसही बिचकतो आणि मूलही. काय विसरलं, कुठला फोन लागला नाही, कुठली गोळी संपली, हे विचारा आणि त्याच दिवशी वहीत लिहा. पहिल्या दोन-तीन मुक्कामांत मूल रडेल, जेवणार नाही. बहुतेकदा ते चौथ्या-पाचव्या वेळी बसतं. तरीही बसलं नाही तर माणूस किंवा वेळ बदलून बघा, योजना लगेच मोडू नका.

वर्षातून एकदा, मुलाच्या वाढदिवसाच्या आसपास, कड्यातल्या सगळ्यांना बोलवून वही पुन्हा वाचा. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये चाळिशीनंतर विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा लवकर येऊ शकतो, तेव्हा ‘एकट्याने’च्या रकान्यातलं एखादं काम ‘आठवण करून दिल्यावर’मध्ये सरकलंय का, हे तिथे कळतं. सरकलं असेल तर आधी थायरॉइड, कान आणि डोळे तपासून घ्या, कारण कित्येकदा बरा होण्यासारखा दोष तिथेच सापडतो. त्यानंतर मदतीचे तास वाढवायचे का, ते ठरवा.